एक पडला, तर चिठ्ठी शत्रूला

नियम मीच केला होता. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोयच नाही. नियमांच्या वहीत, पान चार, माझ्याच अक्षरात आणि लाल शाईत लिहिलेलं आहे: "एकाच बाजूच्या सेनापतींनी आपसांत बोलायचं नाही. निरोप फक्त चिठ्ठीने. पंच चिठ्ठी उघडणार नाही, नुसता फासा टाकेल. दोन, तीन किंवा चार पडले, तर चिठ्ठी लगेच पोचेल. पाच पडले, तर पुढच्या रविवारी. सहा पडले, तर दोन रविवारांनी. एक पडला, तर चिठ्ठी शत्रूला."

आणि त्याखाली: "चिठ्ठीचं काय झालं हे पंचाला विचारू नये. विचारल्यास पंच सांगणार नाही." हे वाक्य लिहिल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की उठून चहा करून घेतला. मेलं माझं कौतुक.

मी नकाशे काढते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं झाली, जमिनीखालून कुठला नळ कुठे जातो ते कागदावर आखते. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात सांगायलाही मीच आणि ऐकायलाही मीच. आणि युद्धाचे खेळ हे आमच्या घरचं जुनं खूळ. दादाने पहिला नकाशा कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा सहाचा. शर्टाची बटणं म्हणजे सैन्य. चार भोकांची बटणं रणगाडे, दोन भोकांची पायदळ. आईला कपडे शिवायला बटण मिळायचं नाही, ती ओरडायची, "अरे, तुमच्या लढाईपायी माणसं उघडी फिरतील!"

आम्ही तिघंच. दादा, मी मधली, आणि धाकटा. दादा बस डेपोत गाड्यांचं वेळापत्रक लावायचा. पाच म्हणजे पाच. पाच वाजून एक मिनिट म्हणजे त्याच्या लेखी उद्या. धाकटा जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळायचा. आता बाजारात रेडिओ आणि फोन दुरुस्त करतो. आणि हे दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगते. आई आजारी पडली तेव्हा धाकटा भर समुद्रात होता. आई चार दिवस शुद्धीवर होती. चारही दिवस विचारत होती, "धाकट्याला कळवलंत का रे?" दादा म्हणायचा, "कळवलं, कळवलं." कळवलं नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कळून तो काय करणार? पोहत येणार? उगाच त्याचा जीव टांगणीला. त्याच्या भल्यासाठीच गप्प बसतोय." मी मान हलवली. दादापुढे मी आयुष्यभर मानच हलवत आले.

दीड महिन्याने बोट लागली. धाकटा पिशवी खांद्यावर टाकून दारात उभा राहिला आणि विचारलं, "आई कुठेय?" दादाने सांगितलं. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाला, "निरोप आला असता तर पहिला माझ्याच कानात आला असता. मीच बसलो होतो त्या यंत्रापाशी. तिचा आवाज तरी ऐकला असता मी." एवढं बोलून गेला. त्या दिवसापासून "दादा" हा शब्द त्याच्या तोंडून गेला. माझ्याशी बोलताना तो "तुझा भाऊ" म्हणायचा. "तुझ्या भावाची तब्येत बरी आहे का?" जणू मी बाजारातून आणलेला भाऊ! मला मात्र त्याने माफ केलं होतं. "तू त्याच्या धाकात होतीस," म्हणाला. तेही खरंच होतं म्हणा.

दोघांमध्ये मी किती उठाठेवी केल्या त्याला गणती नाही. वाढदिवसाला दोघांना एकाच वेळी बोलावून बघितलं. धाकटा जिन्यातूनच परत गेला. दोघांना खोटे निरोप दिले, दोघांनी ओळखले. शेवटी मी हात टेकले.

मग एका शनिवारी दादा माझ्याकडे आला आणि तपासण्यांचं जाड पाकीट टेबलावर ठेवलं. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ऑपरेशन करायचं, आणि तारीख नऊ आठवड्यांनंतरची, सोमवारची. "डॉक्टर म्हणतो, दहातले नऊ बरे होतात," दादा म्हणाला. "दहावा कोण, ते सांगत नाही."

"धाकट्याला सांगते," मी फोनकडे वळले.

त्याने माझं मनगट धरलं. "नाही. शपथ आहे तुला. मेल्या म्हशीला मणभर दूध नको मला. यायचं असेल तर माझ्यासाठी येऊ दे, माझ्या आजारासाठी नको. त्याला कळलं तर मी ऑपरेशनच करणार नाही."

दादा बोलतो ते करतो. मी शपथ घेतली. मठ्ठच मी! पण रात्रभर डोक्यात एकच घुमत होतं की नऊ आठवडे आहेत. नऊ आठवड्यांत या दोन गाढवांना एकमेकांसमोर आणायचं, आणि शपथही मोडायची नाही.

सकाळी उठून मी वाळवंट काढायला घेतलं.

उत्तर आफ्रिका, सन बेचाळीसचा उन्हाळा. वर समुद्र, किनाऱ्याने एकच रस्ता, आणि रस्त्यापासून खाली दक्षिणेला वाळूत शिरत जाणारी सुरुंगांची लांबच लांब रांग. पलीकडून जर्मन आणि इटालियन येणार, अलीकडे इंग्रज आणि त्यांचे दोस्त अडवणार. मला हे युद्ध आवडतं, कारण ते माझ्या कचेरीसारखं आहे. शौर्य वगैरे ठीक आहे, पण शेवटी पाणी कुठून येतं आणि किती लांब न्यायचं, एवढ्यावरच सगळं. नकाशावर मी साडेनऊशे षटकोनी घरं आखली. रांगेच्या अगदी दक्षिण टोकाचं एकाकी ठाणं धाकट्याला दिलं. उत्तरेचे रणगाडे दादाला. दोघे एकाच बाजूला.

मग खरी मेख मारली. विहिरी सगळ्या धाकट्याकडे ठेवल्या, आणि पेट्रोल सगळं दादाकडे.

शत्रूचा सेनापती चष्मेवाला. चौकातलं चष्म्याचं दुकान त्याचं. या युद्धाची पुस्तकं त्याला तोंडपाठ. त्याचे दोन दोस्त त्याच्या हाताखाली. नकाशा बघून तो कळवळलाच. "ताई, ही दक्षिणेची विहीर कोरडी होती हो! इतिहासात तिथे थेंब नव्हता."

"इतिहासात तुमच्याकडेही इतके रणगाडे नव्हते," मी म्हटलं. "ते मी दिलेत. मुकाट्याने घ्या."

तीन आठवडे मी एकटी, बटणं मांडून, खेळ तपासत होते. चाळीसेक वेळा खेळले असेन. दर वेळी तेच निघायचं. दोघांनी एकमेकांना काही दिलं नाही, तर पाचव्या फेरीत दक्षिणेची माणसं अडकून मरायची आणि दहाव्या फेरीत उत्तरेची तहानेने. पेट्रोल आणि पाण्याची देवाणघेवाण केली, तर दोघे तरायचे. भांडण टिकवायचं तर मरायचं, असा तो खेळ. हे मी कागदावर जमवलं होतं याचा मला इतका अभिमान होता, काय सांगू. सहा रविवार हातात उरले होते. दर रविवारी दोन फेऱ्या खेळायच्या असं ठरवलं.

धाकट्याला पटवायला एकच वाक्य पुरलं: "त्याचं तोंड बघावं लागणार नाही." चिठ्ठ्यांचा नियम त्यासाठीच तर होता. समोरासमोर बसा म्हटलं असतं तर दोघेही आले नसते. चिठ्ठ्या लिहिता लिहिता कधीतरी बर्फ वितळेल, हा माझा डाव. फासा घातला तो मात्र खेळाच्या नादात. वाळवंटात निरोप उशिरा पोचायचे, शत्रू ते मधेच ऐकायचा; मग माझ्या नकाशात तसं नको? काम करायचं ते चोख करायचं, ही माझी खोड. आणखी वर एक उपनियम घातला: चिठ्ठीवर टिंब काढलं, तर पंच ती मुद्दामच शत्रूच्या हाती देईल, पकडली गेल्यासारखी. म्हणजे खोटं लिहून शत्रूला चकवता येईल. शत्रूला टिंब दिसू नये म्हणून तो कोपरा मी फाडून द्यायची. सगळ्याच पकडलेल्या चिठ्ठ्यांचा फाडायची, म्हणजे खरी कुठली आणि बनावट कुठली ते कळू नये.

दादा नऊच्या ठोक्याला पुढच्या दाराने यायचा आणि स्वयंपाकघरात बसायचा. धाकटा सव्वानऊला मागच्या जिन्याने यायचा, तो गॅलरीत. चष्मेवाला कंपनी बाहेरच्या खोलीत. मोठा नकाशा माझ्या झोपायच्या खोलीत, पलंगावर फळी टाकून, आणि तो बघायचा अधिकार फक्त मला. स्वयंपाकघर ते गॅलरी चौदा पावलं. मी मोजली आहेत. दिवसभर मीच तर घालत होते ती.

दुसऱ्या रविवारी दादाने गंमत केली. टिंब काढलेली चिठ्ठी दिली. ती चष्मेवाल्याला दिली तसा तो मोठ्याने वाचूनच बसला: "माझी दाढ ठणकतेय, जबडा हा एवढा सुजलाय. पुढच्या फेरीला मी घरी जातोय. माझ्या बाजूला काही हालचाल होणार नाही, तू सांभाळ." बिचाऱ्या चष्मेवाल्याला कणव आली आणि मोहही झाला. निम्मे रणगाडे त्याने उत्तरेवर घातले. दादा तिथेच दबा धरून बसला होता. बावीस रणगाडे गेले. मधल्या सुट्टीत दादा पुढच्या दारात उभा राहून शेंगदाणे कडाकडा चावून खात होता.

"दाढ!" चष्मेवाला थरथरत होता. "माणसाने दाढेवरून खोटं बोलावं? ताई, यापुढे तुमच्या भावाने 'सूर्य पूर्वेला उगवतो' असं लिहिलं, तरी मी आधी खिडकी उघडून बघेन!" आम्ही पोट धरून हसलो. गॅलरीतून धाकट्याचं हसूही ऐकू आलं. अकरा वर्षांत दोघे एकाच गोष्टीला हसले ते तेव्हा. मी नकाशाच्या खोलीत जाऊन डोळे पुसले.

चिठ्ठ्या मी वाचत नसे, पण हुकूम मला वाचावे लागत. सोंगट्या हलवायच्या तर माझ्याच हातांनी. तिसऱ्या रविवारी दादाने दहा गाड्या पेट्रोल दक्षिणेला पाठवलं, न मागता. धाकट्याने काहीच दिलं नाही. चौथ्या रविवारी दादाने पुन्हा पाठवलं. आणि पाचव्या रविवारी धाकट्याचा हुकूम माझ्या हाती आला: निम्मं पाणी उत्तरेला. निम्मं! त्याला स्वतःला पुरलं नसतं. असा हुकूम माणूस जिंकण्यासाठी देत नाही. बरोबर दादासाठी एक चिठ्ठीही होती. मी खोलीत गेले, दार लावलं, फासा टाकला. सहा. म्हणजे दोन रविवारांनी. चरफडत ती थांबलेल्या चिठ्ठ्यांच्या पेटीत टाकली.

मग स्वयंपाकघरात गेले. दादाही चिठ्ठी घेऊनच बसला होता. चार घड्या घातलेली. द्यायला हात पुढे केला आणि लगेच सोडली नाही.

"सांभाळून ने," तो म्हणाला.

"का? काच आहे का आत?"

तो हसला आणि चिठ्ठी सोडली. टिंब नव्हतं. मी खोलीत जाऊन फासा टाकला.

एक पडला.

मी बघत उभी राहिले. दार बंद होतं. उचलून पुन्हा टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. असं मनात आलं, हे मी लपवत नाही. पण मी पंच ना! मी जर फासा फिरवू लागले तर खेळाला अर्थ काय, असं मीच मला ठणकावलं. कोपरा फाडला आणि चिठ्ठी चष्मेवाल्याच्या हातात नेऊन दिली.

त्याने वाचली. भुवया वर गेल्या. पुन्हा वाचली. मग बोट नाचवत म्हणाला, "या वेळी नाही हं, ताई! दुधाने तोंड पोळलंय आमचं." चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि सगळे रणगाडे मागे घेतले. मला वाटलं, वा! काय रंगलाय माझा खेळ.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला दादा माझ्या दारात. न सांगता. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, बूट पुसलेले.

"आज कुठे स्वारी?" मी विचारलं.

"बसलो होतो जरा बाहेर." तो खुर्चीत टेकला. दमलेला दिसला. मला वाटलं, छातीमुळे. चहा ठेवला. शनिवारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, त्याबद्दल बोललो, कुठले कपडे न्यायचे, किल्ली कुणाकडे ठेवायची. तो हो, नाही एवढंच. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "मधले, माझी ती चिठ्ठी पोचली ना गं?"

मी कंबरेवर हात ठेवले आणि खेळातल्या पंचाच्या आवाजात म्हणाले, "पान चार! चिठ्ठीचं काय झालं हे पंचाला विचारू नये."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी हसत होते. देवा, मी हसत होते!

"बरोबर," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम." अर्धा चहा तसाच ठेवून उठला. दारात थांबून म्हणाला, "खेळ छान केलास हो." आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, शाबासकी मिळालेल्या पोरीसारखी रात्री खुशीत झोपले.

शनिवारी त्याला दाखल केलं. निघताना म्हटलं, "दादा, अजून वेळ आहे, धाकट्याला बोलावू?" तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "नको. त्याला यायचं नाहीये." त्याला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. रविवारी सगळ्यांना कळवलं, पंचाला ताप आहे, आज खेळ नाही. धाकट्याचा नंबर लावला तेव्हा दोनदा अख्खी गोष्ट जिभेवर आली होती. दोनदा गिळली. शपथ आहे. उद्या ऑपरेशन होऊ दे, शुद्धीवर येऊ दे, मग सांगू. दहातले नऊ बरे होतात. धाकटा म्हणाला, "औषध घे गं वेळेवर," आणि फोन ठेवला.

सोमवारी बारा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. ती बघूनच मी समजले. दहावा आमचाच होता.

दवाखान्याच्या काउंटरवरून मी धाकट्याला फोन केला. "दादा गेला," म्हणाले.

तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. "कशाने?"

"ऑपरेशन होतं आज. छातीचं."

"तुला कधी कळलं?"

"नऊ आठवडे झाले."

मागे त्याच्या दुकानातला कुठलासा रेडिओ बडबडत होता. मग तो म्हणाला, "पुन्हा?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आला, दादाचं शेवटचं सगळं त्यानेच केलं, कागदांवर सह्या केल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने शेजारच्या माणसाला दिला.

बारा दिवसांनी दुपारी चष्मेवाला आला. खेळ मोडला तर पकडलेल्या चिठ्ठ्या पंचाला परत करायच्या, हाही माझाच नियम. त्याने दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. एक दाढेची. दुसरी उघडून माझ्यापुढे सरकवली आणि चष्मा काढून हातात धरून बसला.

दादाचं ते वेळापत्रकातलं बारीक, सरळ अक्षर.

"धाकट्या, ही चिठ्ठी खेळातली नाही. आईच्या वेळी मी चुकलो. तुझ्या भल्यासाठी केलं असं म्हणत आलो, ते खोटं आहे. तुला सांगायची माझी छाती झाली नाही, एवढंच खरं. गुरुवारी पाच वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसतो. सातपर्यंत आहे. आलास तर फार बरं वाटेल. नाही आलास तर समजून जाईन, राग धरणार नाही. तुझा, दादा."

मी तीनदा वाचली. पाच ते सात. सव्वासातला माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट. माझी चिठ्ठी पोचली ना गं.

"'खेळातली नाही' असं लिहिलंय म्हणूनच मला खात्री पटली, की खेळातलीच आहे," चष्मेवाला म्हणत होता. "मला वाटलं, दाढेनंतर आता आईला मधे आणलं. रागच आला मला, ताई. आणि दाखवणार कुणाला? नियम होता ना." तो मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. त्याची काय चूक? मी त्याला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

मग चिठ्ठी घेऊन मी गॅसपाशी उभी राहिले. खरं तेच सांगते, काडी हातात होती. म्हटलं, धाकट्याला हे वाचून काय मिळणार? मेलेला माणूस परत येणार आहे? उगाच जन्माचा घोर. त्याच्या भल्यासाठीच—

आणि तिथे मला माझाच आवाज ऐकू आला. शब्द दादाचे, आवाज माझा. काडी टाकली, आणि घरातल्या सपाता बदलायलाही न थांबता निघाले. चिठ्ठी पोचवायला फासा लागत नाही. वीस मिनिटं चालावं लागतं फक्त. हे एवढंच तर करायचं होतं.

धाकटा दुकानात कुणाचातरी रेडिओ उघडून बसला होता. मी काही न बोलता चिठ्ठी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने हात पुसले आणि वाचली. वाचून झाल्यावर ती रेडिओच्या झाकणावर ठेवली, हाताने सपाट केली, पुन्हा सपाट केली.

"मला का नाही मिळाली?"

"एक पडला."

"तू फासा टाकलास."

"हो."

"कुणी बघत होतं?"

"नाही."

त्याने मान हलवली. मी वाट बघत होते, त्याने काहीतरी फेकून मारावं याची. रस्त्यावरून माणसं येत-जात होती. एका बाईने येऊन विचारलं, फोन झाला का. तो म्हणाला, उद्या या.

"म्हणजे त्याला वाटलं, मी मुद्दाम आलो नाही."

"मला विचारलं होतं त्याने, चिठ्ठी पोचली का. मी सांगितलं नाही."

हे मी नसतं सांगितलं तरी चाललं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं. पण दाबून ठेवायची सवय मला आता मोडायची होती, आणि ती मोडायला याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता. धाकट्याने डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "आणि माझी? मी लिहिलेली तरी पोचली होती का?"

पान चार. पंच उत्तर देणार नाही.

"नाही," मी म्हणाले. "सहा पडले होते. पेटीतच आहे." मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पाण्याचीच होती ना ती? हुकूम वाचला होता मी. निम्मं पाणी पाठवलंस ते."

"पाण्याचीच." त्याने एक बारीक स्क्रू उचलला, बोटांत फिरवला, परत डबीत टाकला. "दोनच ओळी. पाणी पाठवतोय, पोचलं की कळव."

मग माझ्याकडे बघितलं त्याने, बारा दिवसांत पहिल्यांदा.

"वर 'दादा' लिहिलं होतं गं."